पावती क्रमांक 1

होडीवाल्याकडे पावतीपुस्तक नसतं. ही गोष्ट धडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, मुंबईच्या देणगीदार संस्थेच्या ऑडिटरला नव्हती. 2008 ते 2014 अशी सहा वर्षं मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या एका छोट्या संस्थेत हिशोब लिहायला होते. काम सातपुड्यातल्या पाड्यांवरचं, आरोग्याचं. नर्मदाकाठची काही गावं धरणाच्या फुगवट्यामुळे अशी तुटली होती की तिथे जायचं तर होडीनंच. कार्यकर्ता जाऊन यायचा, कोऱ्या कागदावर 'होडीभाडे रु. 40' लिहून होडीवाल्याचा अंगठा घेतलेला असायचा, तो कागद मी व्हाउचरला टाचायचे. एका वर्षी असे एकशे बारा कागद 'अमान्य' असा शेरा मारून परत आले. छापील पावती हवी.

मग आम्ही शहाद्याच्या छापखान्यातून होडीवाल्यासाठी पावतीपुस्तकं छापून आणली. वर नर्मदामाईचं चित्र टाकू का, असं छापखानेवाल्यानं विचारलं. त्याचे वेगळे पैसे पडणार म्हणून आम्ही नको म्हटलं. होडीवाल्याला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पावती आमचाच माणूस लिहायचा आणि खाली अंगठा पूर्वीचाच. ऑडिटर खूश. छपाईचे साडेचारशे रुपये मात्र मंजूर बजेटच्या एकाही शीर्षात बसेनात. ते शेवटी आमच्या अध्यक्षांनी आणि मी निम्मेनिम्मे भरले.

अशा गोष्टी सांगायला लागले तर रात्र पुरायची नाही. आमच्या एका पर्यवेक्षकाचा पगार चार देणगीदारांकडून यायचा: 35 टक्के, 30 टक्के, 20 आणि 15. माझ्या वहीत त्याचे पेन्सिलीनं पाडलेले चार तुकडे असायचे. तो आजारी पडला तर कुठल्या तुकड्याची रजा लावायची, हा प्रश्न मी एकदा खरोखर पत्रानं विचारला होता. उत्तर आलं नाही.

पण मनात रुतून बसलं ते 2013 चं साल. सातपुड्यात खरा सण होळीचा. भोंगऱ्या बाजारात माणसं वर्षाची खरेदी करतात. त्या वर्षी होळी 26 मार्चला होती आणि आमचे तीन महिन्यांचे पगार थकलेले, कारण दुसरा हप्ता आलेला नव्हता. रोज फोन करायचे. "प्रोसेसमध्ये आहे" हे एकच उत्तर. होळी कोरडी गेली. पैसे खात्यात आले 28 तारखेला, गुरुवारी. सोबतच्या पत्रात लिहिलेलं, की रक्कम 31 मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावं. 29 ला गुड फ्रायडे, बँक बंद. 31 ला रविवार. राहिला शनिवार, तोही अर्धा. त्या अर्ध्या दिवसात पगार काढले, औषधांचा वर्षाचा साठा घेतला, आणि लोकांना होळीच्या उतरत्या धुंदीतून उठवून दोन प्रशिक्षणं उरकली. प्रशिक्षणाच्या फोटोत अर्धी माणसं डुलक्या घेताना दिसतात. मुंबईतली माणसं वर्षभर काय झोपा काढतात का, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हटलं होतं. शिव्याही घातल्या होत्या.

2015 मध्ये घरच्या अडचणीमुळे मी पुण्याला आले आणि एका कौटुंबिक ट्रस्टमध्ये नोकरीला लागले. एका उद्योजक घराण्यानं सत्तरच्या दशकात काढलेला हा ट्रस्ट. मूळ निधी बँकेत, त्याचं व्याज येतं आणि ते महाराष्ट्रातल्या तीस-पस्तीस छोट्या संस्थांना अनुदान म्हणून वाटलं जातं. सात विश्वस्त. थोरल्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत जुना बंगला, खाली कार्यालय, वर बैठकीची खोली. माझं पद 'कार्यक्रम समन्वयक'. धडगावात मी सगळ्यांची ताई होते. इथे पहिल्या आठवड्यात फोनवर पलीकडून 'मॅडम' ऐकू आलं, तेव्हा मी मागे वळून कोण आलं ते पाहिलं.

मॅडम व्हायला दोन वर्षं लागली नाहीत. ही कबुली द्यायलाच हवी. 2017 मध्ये जव्हार-मोखाड्याकडच्या एका संस्थेच्या हिशोबात काळी-पिवळी जीपच्या भाड्याचे एकोणीस कागद होते. साठ रुपये, पन्नास रुपये, पावती नाही. आमच्या सीएंनी पेन्सिलीनं गोल केलेले. मी लाल शाईनं लिहिलं, 'पावत्या जोडाव्यात', आणि फाइल परत पाठवली. हात जरासुद्धा अडखळला नाही. तीन आठवड्यांनी फाइल आली. प्रत्येक कागदाच्या जागी छापील पावती. पावती क्रमांक 1 ते 19. तारखा एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच्या, अक्षर एकच, शाई एकच, आणि छिद्रांवरून फाडलेली कड अजून लुसलुशीत.

पावती क्रमांक 1 हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शिपायानं चहा ठेवला आणि तो गार झाला. मला ती पावती खोटी आहे हे दिसत होतं, खर्च खरा आहे हेही दिसत होतं, आणि छापखान्याचं बिल कोणाच्या खिशातून गेलं असेल तेही. खोटं करायला त्यांना भाग पाडलं होतं मी.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसरी गोष्ट कळली: मार्चच्या त्या हप्त्याचं गूढ. आयकराच्या नियमानं धर्मादाय ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नाचे किमान 85 टक्के त्याच आर्थिक वर्षात आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात. खर्च झाला नाही तर ठराव करून, ठरावीक नमुना भरून पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवता येते. पण अशी साठवलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देणगी म्हणून दिलेली चालत नाही. आमच्यासारखा ट्रस्ट, जो स्वतः काहीच काम चालवत नाही, नुसतं दुसऱ्यांना देतो, त्याला त्यामुळे 31 मार्चच्या आत चेक काढण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि आमच्याकडे पद्धत अशी, की जानेवारीत सीए 'यंदा इतकं उत्पन्न होईल' असा आकडा देणार, फेब्रुवारीत विश्वस्तांची सभा होणार, मार्चच्या मध्यावर चेक लिहिले जाणार. झोपा कोणीच काढत नव्हतं. सगळे आपापल्या जागी घाबरलेले होते, आणि त्या घाबरण्याचं ओझं उतारावरून घरंगळत धडगावपर्यंत जात होतं.

मी सभेत भीतभीत विचारलं, की हा आकडा एप्रिलमध्येच कळणार नाही का? विश्वस्तांमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, आम्ही त्यांना बँकवाले काका म्हणतो. ते म्हणाले, "ठेवींचं व्याज आहे, शेअरबाजार नाही." आणि लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटावर त्यांनी वीस मिनिटांत सगळ्या ठेवींच्या मुदती आणि व्याज मांडून वर्षाचं उत्पन्न काढून दाखवलं. वर्षअखेर पाहिलं तर फरक काही हजारांचा होता. पंचेचाळीस वर्षं ही बेरीज कोणी केली नव्हती, कारण कोणाला तिची गरज पडली नव्हती. पुढच्या वर्षीपासून आमची मुख्य सभा मे महिन्यात व्हायला लागली आणि पहिला हप्ता जूनमध्ये, पेरणीच्या सुमारास, पोचायला लागला. सगळ्या सुधारणांत ही सर्वांत स्वस्त. पाकीट मी जपून ठेवलं आहे.

इतर गोष्टी इतक्या सहज झाल्या नाहीत.

2019 मध्ये मी सुचवलं, की ज्यांना आपण पैसे देतो त्यांनाच विचारू या, आम्ही कसे वागतो? कल्पना माझी नव्हती. अमेरिकेत 2001 मध्ये स्थापन झालेली सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी नावाची संस्था हेच करते: मोठ्या फाउंडेशनांच्या अनुदानग्राहकांना, नाव गुप्त ठेवून, फाउंडेशनबद्दल विचारते आणि उत्तरं एकत्र करून फाउंडेशनसमोर ठेवते. आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता. समाजकार्य महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंना आम्ही गळ घातली. त्यांनी एकेकाला फोन करायचा, उत्तरं लिहून घ्यायची, गावाचं, माणसाचं नाव, बोलीची लकब, सगळं काढून टाकायचं आणि नुसती वाक्यं आम्हाला द्यायची. अप्पांची शंका होती, की आपल्याबद्दल वाईट कोण कशाला बोलेल? त्यांची शंका रास्तच होती, फक्त कारण त्यांना दिसत होतं त्याच्या उलटं होतं. चौतीसपैकी सत्तावीस संस्था बोलल्या, त्याही बाईंनी तीन-तीनदा शपथ घेतल्यावर.

काही वाक्यं पाठ आहेत. "तुमचे विश्वस्त भेटीला येणार म्हटलं की चार दिवस काम बंद." "तुम्हाला हवे असलेले आकडे आमच्या कामातून निघत नाहीत, म्हणून ते मोजायला एक मुलगी ठेवली आहे; तिचा पगार तुमच्याकडून मिळत नाही." "नाकारल्याचं पत्र दोन ओळींचं असतं. कारण कळलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा दीडशे झेरॉक्स काढल्या नसत्या." एका संस्थेनं सांगितलं, की तुमच्या एका विश्वस्तांनी संगणक अमुक दुकानातून घ्या असं सुचवलं, ते दुकान त्यांच्या जावयाचं निघालं. आणि एक वाक्य माझ्याबद्दल: "तिथल्या मॅडम पूर्वी आमच्यासारख्याच होत्या म्हणे, त्यामुळे त्यांना सगळ्या पळवाटा माहीत आहेत."

ते वाचून दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. नवरा म्हणाला, खरं तर आहे.

जावयाच्या दुकानाचा विषय सभेत निघाला तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ट्रस्टच्या पैशाचा लाभ विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना होता कामा नये, असं आयकर कायदा सांगतोच. पण इथे पैसा आमच्याकडून संस्थेला आणि संस्थेकडून दुकानाला गेलेला. कलमात बसतं की नाही, यावर सीए आणि वकील यांचं एकमत झालं नाही. ते विश्वस्त म्हणाले, "दहा टक्के सवलत मिळवून दिली होती मी त्यांना!" ते खरंही होतं. ते लबाड नव्हते. आपण सहज सुचवलेली गोष्ट समोरच्याला हुकूम म्हणून ऐकू जाते, हे त्यांच्या गावीच नव्हतं. तेव्हापासून एक वही आहे: कोणत्या विश्वस्ताचा कोणत्या संस्थेशी, दुकानाशी, नातलगाशी संबंध आहे ते दरवर्षी त्यात लिहायचं, आणि तो विषय आला की खोलीबाहेर जायचं. पहिल्यांदा बाहेर जायची वेळ आली तेव्हा त्या गृहस्थांना कुठे बसायचं कळेना. ते जिन्यात उभे राहिले. आता जिन्यात एक खुर्ची ठेवली आहे.

भेटीचंही तसंच. आमच्या कार्यालयातलं गोदरेजचं एक कपाट निव्वळ शालींनी भरलेलं होतं. विश्वस्त जिथे जात तिथे रांगोळी, औक्षण, शाल, श्रीफळ. आम्ही पत्र काढलं, सत्कार करू नये. त्यावर बीडकडच्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी मला फोनवर झापलं. "तुम्ही पुण्याचे लोक, पाहुणा आला तर त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं, हे आम्हाला शिकवू नका." नियम त्यानंतर थोडा शिथिल केला: नारळ चालेल, शाल नको, मुलांना शाळेतून उठवायचं नाही.

खरी चकमक उडाली ती जानेवारी 2020 च्या सभेत. आमचा अर्ज सव्वीस पानांचा होता. तो छोटा करा, असं सत्तावीसपैकी बहुतेकांनी म्हटलेलं. विश्वस्तांचं म्हणणं, की प्रत्येक प्रश्नामागे काही कारण आहे. मी म्हटलं, आपण एक करू. आपल्याच ट्रस्टचा अर्ज आपण भरून पाहू. जणू आपल्याला कोणी अनुदान देणार आहे. अप्पांना गंमत वाटली. त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. बाकरवडीची बशी फिरत होती.

पहिली तीन पानं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक यांत गेली. पान चारवर प्रश्न: विश्वस्तांपैकी परस्परांचे नातेवाईक किती? सातांपैकी पाच. खाली तिरप्या अक्षरात आमचाच नियम: हे प्रमाण एकतृतीयांशापेक्षा जास्त असल्यास अर्जाचा विचार केला जाणार नाही.

अप्पांनी पेन खाली ठेवलं. "हा प्रश्न कोणी घातला?"

"तुम्हीच," बँकवाले काका म्हणाले. "2004 साली. ती नगरची भानगड झाली होती तेव्हा."

पुढे गेलो. प्रशासकीय खर्च एकूण खर्चाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी आहे का? आमचा चौदा होता. बंगल्याची दुरुस्ती, माझा पगार, सीएंची फी. अप्पांच्या सूनबाई विश्वस्त आहेत, त्या म्हणाल्या, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशात, तर पाचच टक्के चालतात. मी सांगितलं, की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर-कारभारावरच्या खर्चाची आहे, काम करणाऱ्या संस्थेची नव्हे. पण हा गैरसमज इतका पसरलेला आहे की संस्थाही आता स्वतःहून पाच टक्के लिहून देतात, आणि उरलेलं भाडं, वीज, हिशोबनीसाचा पगार 'प्रशिक्षण साहित्य' वगैरे शीर्षांत दडवतात. मीही दडवलेलं आहे. पुढे ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेनं देशातल्या चांगल्या चाललेल्या काही संस्थांचे हिशोब तपासले, त्यात असे अप्रत्यक्ष खर्च 5 पासून 51 टक्क्यांपर्यंत निघाले. कामागणिक ते बदलणारच. ज्याला होडीनं जावं लागतं आणि ज्याला पीएमटीनं, त्यांची टक्केवारी एक कशी येईल?

पान अकरा: धर्मादाय कार्यालयाकडील शेड्यूल वनचा (संस्थेच्या नोंदीचा) अद्ययावत उतारा जोडा. चेंज रिपोर्ट प्रलंबित असल्यास अर्ज करू नये.

मी फाइल आणली. आमच्या उताऱ्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावं होती त्यांपैकी दोघे वारलेले. एक पाच वर्षांपूर्वी, एक तीन. विश्वस्तांमध्ये बदल झाला की महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. आम्ही तो केलेलाच नव्हता. कोणीतरी म्हणालं, वकिलांकडे कागद दिले होते. वकील म्हणाले असते, सह्या मिळाल्या नाहीत. अशा गोष्टीत दोष नेहमी शेजारच्या खोलीत असतो. चेंज रिपोर्टच्या कारणावरून आम्ही त्याच्या आधीच्या वर्षी चार संस्थांना नकार दिला होता, चारही पत्रांवर माझी सही.

त्या संध्याकाळी बाकरवड्या उरल्या. अर्ज पान अकराच्या पुढे गेला नाही.

मार्चपर्यंत तो सहा पानांवर आला, आणि मग टाळेबंदी लागली. त्या काळाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनीच पाहिलं आहे. आम्ही एप्रिलमध्ये एका परिच्छेदाचं पत्र पाठवलं: दिलेले पैसे ज्या कामासाठी योग्य वाटेल त्यासाठी वापरा, शीर्षं विसरा, दोन पानांत नंतर सांगा. विश्वस्त घाबरत होते. उद्या कोणी विचारलं तर? वर्षाच्या शेवटी आलेल्या त्या दोन-दोन पानांतून आम्हाला संस्थांबद्दल जेवढं कळलं, तेवढं आधीच्या जाडजूड अहवालांतून कधी कळलं नव्हतं. एकानं लिहिलं होतं, 'तुमच्या पैशातले नऊ हजार चुकीच्या ठिकाणी गेले, तांदूळ खराब निघाला.' असं वाक्य त्याआधी आमच्या फाइलींत एकही नव्हतं.

सप्टेंबर 2020 मध्ये विदेशी देणगीचा कायदा बदलला. एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसरीला द्यायला बंदी आली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या आधारानं चालणाऱ्या आमच्या कितीतरी छोट्या संस्थांचा झरा एकदम आटला. तेव्हा ठरलं, की निवडक दहा संस्थांना तीन-तीन वर्षांचं अनुदान द्यायचं, तेही कामाला बांधून न घालता, संस्थेला. ठराव एकमतानं झाला, एक मत मनात नाराज.

ते नाराज मत पुढे खरं ठरायची वेळ आली. दहापैकी एका संस्थेत दुसऱ्याच वर्षी फूट पडली. संस्थापक एका बाजूला, कार्यकर्ते दुसऱ्या, दोघेही आम्हाला फोन करून पुढचा हप्ता आपल्याच खात्यात टाका म्हणणार. आम्ही हप्ता थांबवला. त्यामुळे ज्या मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे होते त्यांचं काय झालं, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. सभेत पुन्हा सव्वीस पानांची मागणी झाली. मी एवढंच म्हटलं, की सव्वीस पानांत 'तुमची भांडणं आहेत का' असा प्रश्न नव्हता. पण माझा आवाज बारीक होता. उरलेल्या नऊ संस्था नीट चालल्या म्हणून ठराव टिकला.

नकाराचं प्रकरणही मला वाटलं तसं झालं नाही. दोन ओळींची पत्रं वाईट, म्हणून मी स्वतः फोन करून कारण सांगायचं ठरवलं. पहिलाच फोन विदर्भातल्या एका गृहस्थांना. मी मन लावून पाच मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "मॅडम, पत्र आलं असतं तर मी घरात बसून तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या. आता फोनवर मला 'धन्यवाद' म्हणावं लागतंय." तेव्हापासून आधी पत्र, त्यात खरं कारण, आणि खाली एक ओळ: बोलावंसं वाटल्यास फोन करा. निम्मे करतात.

विश्वस्त मंडळाचं म्हणाल तर अर्धवट झालंय. बाहेरचे दोघे आले, त्यांतल्या एक बाई पंचवीस वर्षं आदिवासी भागात संस्था चालवलेल्या. पहिल्या दोन सभांत त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या सभेत त्यांनी विचारलं, की चहाचा खर्च कोणत्या शीर्षात टाकता? पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती, हा नियम नव्यांना लागू आहे. अप्पांना नाही. ट्रस्टच्या मूळ दस्तात ते आजीव आहेत, आणि दस्त बदलायचा विषय काढला की ते म्हणतात, "मी गेल्यावर करा, फार वाट पाहायला लागणार नाही." यावर कोण काय बोलणार? शिवाय 2023 च्या वित्त कायद्यानं नवाच पेच टाकला: एका ट्रस्टनं दुसऱ्याला दिलेल्या देणगीचे 85 टक्केच खर्च म्हणून धरले जाऊ लागले. म्हणजे शंभर दिले तर हिशोबात पंच्याऐंशी. नुसतं देणाऱ्या ट्रस्टला मग पंधरा टक्के मागे ठेवायची सोय उरत नाही, सगळं उत्पन्न वाटावं लागतं. सूनबाईंचं म्हणणं पडलं, की त्यापेक्षा आपणच एखादी शाळा चालवू. हा वाद अजून मिटलेला नाही.

चेंज रिपोर्ट आम्ही दाखल केला, अर्थातच विलंबमाफीच्या अर्जासह. सुनावणीची तारीख लागली तेव्हा अप्पांना जिना चढवत नाही म्हणून बँकवाले काका आणि मी गेलो. धर्मादाय कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, मांडीवर फाइल. शेजारी एक ओळखीचा चेहरा. ज्या चार संस्थांना मी नकार कळवला होता त्यांतल्या एकीचे सचिव. त्यांनी माझ्या फाइलीवरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमचाही चेंज रिपोर्ट पेंडिंग?"

"हो."

"मग तुम्हाला कोण अनुदान देणार?" असं म्हणून ते इतके हसले, की पुकारा करणाऱ्या शिपायानं वळून पाहिलं. काकाही हसले. मला हसू यायला जरा वेळ लागला.

मी सांगितलं, की ती अट आता काढली आहे, चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच चालते, मेमध्ये अर्ज करा.

"पानं किती?"

"सहा."

"सहात सातबारा मागितलाय का? आमचं ऑफिस भाड्याच्या खोलीत आहे. मागच्या खेपेला घरमालकाच्या भावाकडून सातबारा आणायला मला तीन चकरा पडल्या होत्या."

मी म्हटलं, छे, तो कशाला मागू? तरी पिशवीतून नवा अर्ज काढून उघडला. पान चार, खालून तिसरी ओळ. मागितला होता. मी काकांकडून पेन घेतलं.